पुढच्याला बसू दे

रामकुंडावर कावळा शिवेना, तेव्हा वेणीमाधव गायधनींना दुःखाच्या आत कुठेतरी अपमानही वाटला. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या कठड्यावर ओळीने बसले होते, शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर तुटून पडत होते, आणि गायधनींच्या पिंडाकडे मात्र, वरून मंजुरी आली नसल्यासारखे, मान वळवून बघायलाही तयार नव्हते.

आल्हादचा दहावा होता. अठ्ठावीस वर्षांचा एकुलता एक मुलगा. तीन दिवस ताप आला, ताप मेंदूत गेला, आणि संपलं.

एकेक जण पुढे होऊन पिंडाला शब्द देत होता. चुलत्याने सांगितलं, तुझ्या आईवडिलांना अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. मित्राने सांगितलं, तुझी बुलेट दर रविवारी चालू करून फिरवून आणीन. त्या मित्राचा बुलेटवर पहिल्यापासून डोळा होता हे कावळ्यालाही ठाऊक असावं. विधी सांगणारे दत्तूभाऊ गुरुजी हे गायधनींचे सख्खे चुलत भाऊ. घराण्यातली यजमानकृत्याची शाखा त्यांच्याकडे, नोकरीची वेणीमाधवांकडे. दत्तूभाऊंनी कानाशी येऊन सुचवलं की दर्भाचा कावळा करून उरकू, मागे दुसरी मंडळी खोळंबलीत.

वेणीमाधवांनी मान हलवली. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी सगळी हयात भांडार सांभाळण्यात घालवली होती. मागितलेल्या नटाऐवजी दुसरा नट त्यांनी कधी कुणाला दिला नव्हता. खऱ्याच्या जागी दर्भाचा, हे त्यांच्या बुद्धीत बसेना. ते पुढे झाले, हात जोडले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आल्हाद, तुझं ते विमान शाळेत देतो. मुलांना शिकवलं जाईल. माझा शब्द."

कावळा आला. शब्दासाठी आला की शेजारचा भात संपला म्हणून आला, हा हिशेब त्या दिवशी कुणी मांडला नाही.

'ते विमान' म्हणजे इंदिरानगरातल्या त्यांच्या फ्लॅटची मागची खोली. भंगार बाजारातून आणलेली जुन्या मारुतीची सीट, तिच्यापुढे तीन पडदे, एक सुकाणू, पायाशी दोन पेडल. आल्हादला लहानपणापासून वैमानिक व्हायचं होतं. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं आणि कळलं की लाल आणि हिरवा त्याला सारखाच दिसतो. विमानाची दारं तिथेच बंद झाली. मुलगा घरी बसून संगणकाची नोकरी करू लागला. वेणीमाधवांच्या दृष्टीने एकूण फायदाच झाला. मग त्याने हे खेळणं उभं केलं आणि शनिवार-रविवार त्यात घालवू लागला. आईला सांगायचा, हे शाळेत न्यायचंय, चौथीच्या मुलांना विमान का उडतं ते पुस्तकातून कळत नाही. आईला सगळं सांगायचा. वडिलांना सांगायचा नाही, कारण ते एकच प्रश्न विचारायचे, याने होणार काय?

पेडलांवर त्याने लाकडाचे ठोकळे बसवले होते. एवढं छान यंत्र आणि त्यावर ही सुतारकी कशाला, असं वेणीमाधवांना नेहमी वाटे. शाळेत पहिल्या दिवशी एक मूल त्या सीटवर बसलं, पाय बरोबर ठोकळ्यांवर टेकले, तेव्हा त्यांना ठोकळ्यांचं कारण समजलं. विचारायला आता उशीर झाला होता.

शाळा घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, एका संस्थेची, मराठी माध्यमाची. चौथीच्या मृण्मयीबाई विज्ञान शिकवायच्या. वयाने आल्हादच्याच जोडीच्या. यंत्र घेऊ म्हणाल्या, चालवायचं कसं ते शिकून घेईन म्हणाल्या. संस्थेच्या अध्यक्षांनी समारंभ ठरवला. नारळ फोडला, सुकाणूला हळदकुंकू लागलं, अध्यक्षांनी भाषणात नाशिकचं नाव आकाशात नेलं, आणि फोटोसाठी पहिल्यांदा स्वतःच त्या सीटवर बसले.

शेजारच्या स्पीकरमधून आवाज आला, "बाळा, आधी पट्टा. पट्ट्याशिवाय आपण जात नाही."

मुलं खो खो हसत सुटली. सफारीतले अध्यक्ष इकडेतिकडे पाहू लागले. त्यांना बाळ म्हणणारं कुणी आता हयात नसावं. वेणीमाधव भिंतीला टेकले. आवाज आल्हादचा होता. आणि ते 'बाळा' गोदावरीचं होतं, त्याच्या आईचं. दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत ती सगळ्यांना याच चालीवर बाळा म्हणते. पोराने आईची चाल उचलली होती.

मग उलगडा झाला. मुलांनी एकट्याने बसून शिकावं म्हणून आल्हादने यंत्रात आपला आवाज घालून ठेवला होता. वेग कमी झाला की तो म्हणे, "वेग बघ, वेग." नाक फार वर गेलं की म्हणे, "नाक खाली. घाबरू नकोस, खाली." एका बाजूला झुकलं की, "कलतंय बघ, सरळ कर." अध्यक्षांनी ओझरच्या धावपट्टीवरून विमान उचललं आणि गंगापूर धरणात घातलं. स्पीकर शांतपणे म्हणाला, "पडलं तर पडलं. परत चालू कर."

वेणीमाधव घरी आले ते ही गोष्ट बायकोला सांगावी की नाही याचा विचार करत. गोदावरी समारंभाला आली नव्हती. नारळ फोडून मुलाची वस्तू घालवायची ती तुम्ही घालवा, म्हणाली होती. सांगितलं नाही तर ती दुसऱ्याकडून ऐकणार, आणि ते महागात पडणार. म्हणून सांगितलं.

तिने ताट तसंच ठेवलं आणि चपला घालू लागली. यंत्र परत आणायचं म्हणाली. आत्ताच्या आत्ता. त्यांनी रामकुंडावरच्या शब्दाची आठवण करून दिली. तिने विचारलं, तुम्ही शब्द दिलात तेव्हा त्यात काय आहे ते बघून दिलात का? भांडार सांभाळलेल्या माणसाला याहून वर्मी लागणारं काही बोलता आलं नसतं. आत काय आहे न बघता त्यांनी आयुष्यात एकच पेटी बाहेर दिली होती, ती ही.

तोड मृण्मयीबाईंनी काढली. यंत्र शाळेतच राहू दे, आवाज मी तुम्हाला काढून देते. त्यांनी सगळी वाक्यं एका पेनड्राइव्हवर घालून दिली. वेणीमाधवांनी ती टीव्हीला लावली, गोदावरी देवापुढे बसावं तशी बसली.

"बाळा, आधी पट्टा," टीव्ही म्हणाला. "वेग बघ, वेग. नाक खाली. घाबरू नकोस, खाली. कलतंय बघ—"

या वाक्याच्या मागे कुकरची शिट्टी होती. त्यांच्याच स्वयंपाकघरातली. दुपारी ती वरण लावत असताना मागच्या खोलीत दार लोटून तो हे बोलला असणार. गोदावरीने पदर तोंडाशी धरला. पण वाक्यं पुढे चालूच राहिली, एकामागून एक, सूचनाच सूचना, आणि समोर सोफा, पंखा आणि हे दोघं.

"बंद करा," ती म्हणाली. "कुणाशी बोलतोय तो?"

पेनड्राइव्ह देवघराच्या खणात गेली आणि पुन्हा निघाली नाही. पुढच्या शनिवारी गोदावरी शाळेत जाऊन बसली.

शनिवारी मुलं दप्तराशिवाय येत, खेळ, गाणी, हस्तकला असं काहीबाही चाले. चौथीला त्या दिवशी विमान असे. आधी मृण्मयीबाई व्हरांड्यात मुलांना पंख समजावून देत. रिक्षातून जाताना हात बाहेर काढा (आई बघत नसताना, असं त्या म्हणत आणि मग म्हणत, नका काढू), तळवा सपाट धरा. पुढची कड जरा वर केलीत की वारा हात उचलतो. फारच वर केलीत की उचलायचं सोडून मागे ढकलतो, आणि हात पडतो. विमानाचंही तेच. पडायला लागलं की सगळ्यांना वाटतं नाक वर ओढावं; ओढलं की आणखी पडतं. नाक खाली घालायचं, वेग येऊ द्यायचा, मग ते स्वतःच उचलतं. कारखान्यात उभी हयात घालवून हे वेणीमाधवांना इथे, चौथीच्या मुलांमागे उभं राहून कळलं. त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

मग मुलं ओळीने आत. ओझरहून उडायचं, रामशेजच्या डोंगराला वळसा घालायचा, परत ओझरला उतरायचं. पडलं तर परत चालू करायचं, उतरलं की जागा सोडायची. हे नियम आल्हादनेच यंत्रात घातलेले. कसंही आदळत का होईना, चाकं धावपट्टीला लागून विमान थांबलं की स्पीकर म्हणे, "झालं. उतर आता. पुढच्याला बसू दे." पहिल्या महिन्यातच मुलांना हे पाठ झालं. विमान थांबलं रे थांबलं की सगळी रांग स्पीकरच्या बरोबरीने ओरडायची, पुढच्याला बसू दे. खाली उतरणारं मूल राजासारखं उतरायचं.

गोदावरीची खुर्ची स्पीकरला लागून. पहिल्या शनिवारी ती नुसती रडली. दुसऱ्या शनिवारी मयूर नावाच्या मुलाने विमान रामशेजवर आदळलं आणि भोकाड पसरलं, तेव्हा तिने पर्समधून खोबऱ्याची वडी काढून त्याच्या हातावर ठेवली. पडलं तर पडलं, बाळा, म्हणाली. वेणीमाधवांना बरं वाटलं. घरात पुन्हा नारळ आला होता, खवणी चालत होती. जमेच्या बाजूला त्यांनी मनात एक आकडा धरला.

मुलांचा हिशेब मात्र त्यांच्याहून पक्का निघाला. पडणाऱ्याला वडी मिळते हे एका मुलाला कळलं की वर्गाला कळलं. शिवाय पडलं की परत चालू. म्हणजे बसायलाही जास्त मिळतं. उतरणाऱ्याला काय मिळतं? रांगेच्या शेवटी जागा. मयूरने तर यात प्रावीण्य मिळवलं. तो नाक असं काही वर ओढायचा की आल्हादला सलग बोलत राहावं लागे. दुसरी पोरंही तरबेज झाली. कोणती चूक केली की स्पीकरमधला दादा काय बोलतो ते त्यांना तोंडपाठ झालं, आणि आजीला कोणतं वाक्य हवं असतं तेही.

आजीला शिट्टीचं हवं असे. वेणीमाधवांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. विमान सरळ चाललेलं, मूल चांगलं सांभाळत होतं, आणि गोदावरीने हलकेच त्या मुलाच्या कोपराला बोट लावलं. "जरा डावीकडे घे ना रे, बाळा." विमान कललं. "कलतंय बघ, सरळ कर," आल्हाद म्हणाला, मागे कुकर वाजला, आणि गोदावरीने डोळे मिटून घेतले.

ते व्हरांड्यात येऊन उभे राहिले. तिथे मृण्मयीबाईंनी त्यांना गाठलं. बाई आडवळणाने बोलू लागल्या. काकू येतात ते चांगलंच आहे, मुलांना लळा लागलाय. फक्त परवा वर्गात विचारलं, वेग कमी झाला तर काय करायचं, तर अर्धा वर्ग म्हणाला, नाक वर ओढायचं, मग दादा बोलतो आणि वडी मिळते. विमान कशाने पडतं ते या मुलांना आता कुणीही विचारावं, बाई म्हणाल्या. पडण्याचं विज्ञान त्यांचं पूर्ण झालंय. हे त्यांनी हसत सांगितलं. हसणं फार वेळ टिकलं नाही.

पण सल लागला तो तृप्तीचा. तृप्ती ही पेठ तालुक्याकडच्या एका कुटुंबातली मुलगी. आईबाप दिवाळीनंतर नाशिकला बांधकामावर येतात, उन्हं तापली की भाताच्या राबासाठी, रोपांची जमीन भाजायला, गावी परत जातात. आजी फुलाबाई पोरीला रोज शाळेच्या फाटकाशी सोडते. उशिरा नाव घातल्यामुळे तृप्तीचा हजेरीतला क्रमांक शेवटचा, आणि शनिवारची रांग हजेरीप्रमाणे. रांगेत ती शेवटी उभी राहायची, रांग सरकेल तशी पुढे यायची. आताशा रांग सरकतच नव्हती. चार-पाच मुलं पडण्यातच तास संपायचा, आणि उरलेल्यांना पुढच्या शनिवारी आधी घेऊ म्हटलं तरी पुढच्या शनिवारीही तेच.

वेणीमाधव फाटकाकडे निघाले तेव्हा ती मागून आली. तक्रारीचा सूर नव्हता. एखादी बातमी सांगावी तसं तिने सांगितलं.

"आजोबा, माझा लंबर येतच नाय. आम्ही पाडव्याच्या मागून गावाला जानार."

त्यांनी विचारलं, परत कधी येणार? ती म्हणाली, दिवाळीच्या मागून. मग आपणच पुढे म्हणाली की तेव्हा ती पाचवीत असेल, आणि पाचवी या शाळेत नाही.

हे काही त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. दिलेला शब्द त्यांना लख्ख आठवत होता: मुलांना शिकवलं जाईल. आई ऐकेल असा शब्द नव्हता. पण ही गोष्ट जिला सांगायची, त्या गोदावरीकडे उरलं होतं ते एवढंच होतं. आठवड्यातले दोन तास. ते कापायचे कसे? कुणाच्या हिश्शातून कापायचे हे ठरवणारे अधिकारी कारखान्यात असत; वेणीमाधव फक्त सही करत.

शुक्रवारी संध्याकाळी गोदावरी खाली बसून नारळ खवत होती. ते स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची घेऊन बसले. असे ते कधी बसत नसत, त्यामुळे तिला लगेच कळलं की काहीतरी आहे. त्यांनी तृप्तीचं सांगितलं, बाईंचं सांगितलं, कोपराला बोट लावलेलं पाहिलं तेही सांगितलं. ती खवतच राहिली.

मग ती म्हणाली, "मुलं शिकली की तो गप्प बसणार. हे काय मला कळत नाही?"

त्यांनी खुर्ची जरा आत ओढली.

"चांगलं चालवलं की एक अक्षर बोलत नाही तो. सबंध चक्कर. मी तिथे बसून काय बघू? पोरांनी चुकावं म्हणून देवाला हात जोडते मी. मला लाज वाटत नाही का? वाटते. पण मग काय करू ते तुम्ही सांगा."

त्यांच्याकडे एक बारीक नोंद तेवढी होती, आणि ती बोलावी की नाही हे त्यांचं त्यांनाच ठरेना. शेवटी बोलले, तेही तिच्याकडे न बघता.

"एक वाक्य तो बोलेनासा झालाय. तुझ्या लक्षात आलं का?"

खवणी थांबली.

"पुढच्याला बसू दे," ते म्हणाले. "मुलं आधी बरोबर ओरडायची बघ. संक्रांतीनंतर एकदाही आलेलं नाही. कुणी विमान उतरवतच नाही, शेवटी बाईच हाताला धरून उठवतात, तर तो म्हणणार कसा?"

गोदावरीने हातातल्या वाटीकडे पाहिलं. ओठ हलले, मनातल्या मनात ती सगळे शनिवार चाळत असावी. वाक्यं तिने मोजून, मागून, विकत घेऊन ऐकली होती, आणि त्या खरेदीत एक वाक्य हरवलं ते तिला कळलंसुद्धा नव्हतं. मग तिने खवलेला नारळ डब्यात भरला, डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि खवणी धुऊन पालथी घातली. आमटीला फोडणी दिली.

पाडव्याआधीचा तो शेवटचा शनिवार. गोदावरी शाळेत आली, पण पर्स रिकामी होती. मृण्मयीबाईंनी त्या दिवशी रांग उलटी लावली, शेवटचा क्रमांक पहिला. मयूरने कुरकुर केली. बाईंनी त्याला सांगितलं की आज ओळ मोजायचं काम तुझं, आणि तो खूश झाला.

तृप्ती सीटवर चढली. आत बुडालीच. बाईंनी पाठीमागे उशी सरकवली, पाय ठोकळ्यांवर टेकले.

"बाळा, आधी पट्टा," आल्हाद म्हणाला. "पट्ट्याशिवाय आपण जात नाही."

पट्टा तिने त्याआधीच लावला होता.

विमान धावलं, उचललं. शेतं लहान झाली. गोदावरी स्पीकरकडे कान लावून, हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. वेणीमाधव तिच्या मागे उभे. रामशेजचा डोंगर समोर आला, विमान वळू लागलं, जरासं कललं. गोदावरीची मान पुढे झाली. तिचा हात उठला, सीटच्या दिशेने चार बोटं गेला, आणि परत मांडीवर आला. विमान सरळ झालं. स्पीकर गप्प.

पोरगी काहीतरी पुटपुटत होती. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग खोलीत एवढी शांतता झाली की ऐकू येऊ लागलं.

"वेग बघ, वेग," तृप्ती स्वतःलाच सांगत होती. "कलतंय बघ, सरळ कर. हां. नाक खाली. घाबरू नको, खाली."

रांगेच्या शेपटाला उभी राहून तिने ही वाक्यं बाकी कुणाहूनही जास्त ऐकली होती. यंत्राने चूक पकडण्याआधी ती स्वतःला बोलायची, चूक व्हायचीच नाही, आणि यंत्राला बोलायचं कारण उरायचं नाही. आल्हादचे शब्द, पेठकडच्या चालीवर, एका नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडून. गोदावरी आता स्पीकरकडे बघत नव्हती. ती त्या पोरीच्या ओठांकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते ती पुसतही नव्हती. कुकर काही वाजला नाही.

धावपट्टी समोर आली. विमान जरा उडालं, परत टेकलं, धावलं, थांबलं.

"झालं," आल्हाद म्हणाला. "उतर आता."

रांग विसरली नव्हती. इतक्या शनिवारांनंतरही सगळी पोरं एका सुरात ओरडली, पुढच्याला बसू दे, आणि त्या गलक्यात त्याचं ते वाक्य बुडून गेलं. गोदावरीला ते ऐकू आलं की नाही, वेणीमाधवांना सांगता आलं नसतं. त्यांना स्वतःला आलं नाही.

तृप्तीला पट्टा सुटेना. गोदावरीने उठून तो सोडवला. पोरगी खाली उतरली, जरा घुटमळली, तिच्या पर्सकडे पाहिलं.

"आजी, आज वडी नाय? मी पाडलं नाय म्हनून?"

गोदावरीने तिचे विस्कटलेले केस मागे सारले.

"नाही गं बाळा," ती म्हणाली. "आज केल्याच नाहीत."

तृप्तीला हे पटलं. ती धावत फाटकाकडे गेली; तिथे फुलाबाई बोचकं घेऊन उभी होती, आणि ती आपल्या आजीला दोन्ही हात पसरून काहीतरी दाखवू लागली. डोंगर, बहुतेक.

आत पुढचं मूल चढलं. मग त्याच्या पुढचं. वेणीमाधवांनी सवयीने मनात दोन बाजू आखल्या, आणि आजचं कुठे धरायचं ते न सुचून तशाच कोऱ्या ठेवल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, स्पीकरजवळची खुर्ची रिकामी आहे. गोदावरीने ती भिंतीला सरकवून ठेवली होती, आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात, कठड्याला धरून, पाठमोरी उभी होती. "वेग बघ, वेग," आल्हाद कुणाला तरी म्हणाला. आवाज व्हरांड्यापर्यंत जात होता. तिची मान जराशी हलली. पण ती वळली नाही, आणि आतही आली नाही.